ड्रॉप गोल वाकडा का जातो?

प्रश्न : रग्बीत इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनसारखा ड्रॉप गोल (हातातला चेंडू जमिनीवर सोडून, तो उठताच खांबांमधून आडव्या दांडीवरून मारायचा) आमच्या शाळेतली पोरं मारून पाहतात, पण चेंडू भलतीकडेच जातो. काय चुकतं? – एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : चूक बहुधा हातांची आहे. चेंडू वर उडवू नका. दोन्ही हातांत उभा धरून, वरचं टोक किंचित स्वतःकडे झुकवून नुसता सोडा. खालचं टोक टेकून चेंडू उठतो, त्याच क्षणी मारा. टेकण्याआधी पाय लागला तर गोल धरत नाहीत. काळ्या मातीच्या भेगेत टोक अडकलं की चेंडू तिरपाच उठणार, म्हणून मुरमाचा पट्टा निवडा.

आणि दोन्ही पाय तयार करा. विल्किन्सनचा हुकमी पाय डावा. पण 2003 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात, सिडनीत, जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटाला त्याने उजव्याने मारला. इंग्लंड 20, ऑस्ट्रेलिया 17.