अरबी समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी?

प्रश्न : अरबी समुद्राच्या तळाशी ज्वालामुखींची लांबलचक रांग आहे, असे माझा मुलगा शाळेत ऐकून आला. हे खरे आहे का? असल्यास तिथला लाव्हारस पाण्याबाहेर का येत नाही, आणि मुंबईला धोका आहे का?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : मुलाने ऐकले ते खरे आहे. मुंबईच्या नैर्ऋत्येस सुमारे २,००० किलोमीटरवर कार्ल्सबर्ग रिज ही जलमग्न पर्वतरांग आहे. १९२८ ते १९३० या काळातील ‘डाना’ या डॅनिश जहाजाच्या मोहिमेत तिचा शोध लागला आणि मोहिमेचा खर्च उचलणाऱ्या प्रतिष्ठानाचे नाव तिला मिळाले. सर्व महासागरांतून जाणाऱ्या सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीच्या रांगेचा हा एक भाग आहे.

ज्वालामुखी म्हटले की धूर ओकणारा शंकूसारखा डोंगर डोळ्यांसमोर येतो; ते चित्र मात्र येथे लागू पडत नाही. ही रांग म्हणजे सतत उसवत राहणारी शिवण आहे. पृथ्वीचे कवच ज्या प्रचंड तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे बनले आहे, त्यांपैकी भारतीय भूपट्ट तिच्या एका बाजूस आणि सोमाली भूपट्ट दुसऱ्या बाजूस असून ते शंभर वर्षांत जेमतेम अडीच-तीन मीटर इतक्या संथ गतीने एकमेकांपासून दूर सरकतात. त्यामुळे खालचे प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, वर येते. ते घनरूपच असते. पण कुकरमधले तापलेले पाणी दाब उतरताच जास्तीची आच न देताही उकळू लागते, तसे वरचा भार हलका झाल्याने ते अंशतः वितळते आणि त्याचा शिलारस होतो.

हा शिलारस फुटतो तो दोन ते चार किलोमीटर पाण्याखाली. तिथल्या प्रचंड दाबामुळे पाण्याची वाफ होऊन स्फोट होत नाही. सुमारे १,२०० अंश सेल्सियसचा लाव्हा थंडगार पाण्याला भिडताच त्याच्यावर काचेसारखी काळी साय धरते, आतल्या रेट्याने ती तडकते, फटीतून नवा गोळा बाहेर फुगतो आणि तोही गोठतो. असे उशांसारखे गोळे एकावर एक रचले जातात. ते पाहायला समुद्रतळाशीच जावे लागते असे नाही : दख्खनचे पठार ज्या लाव्हाने घडले तो जिथे पाण्यात ओतला गेला, अशा मुंबईतील काही ठिकाणीही हे उशी-लाव्हा आढळले आहेत. आपल्या अंधेरीची गिल्बर्ट टेकडी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच उद्रेकांच्या काळातली. त्यानंतर काही दशलक्ष वर्षांतच सेशेल्सचा भूखंड भारतापासून तुटला आणि त्या फटीतून ही रांग घडू लागली. आइसलँडमध्ये मात्र अशाच रांगेचा माथा पाण्याबाहेर आला आहे.

धोक्याचे म्हणाल तर या रांगेवर भूकंप वारंवार होतात, पण ते बहुधा मध्यम तीव्रतेचे असतात आणि त्यांपासून मुंबईला भय नाही. चिंता करायचीच तर उत्तरेकडच्या, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याची करावी. तिथे भूपट्ट दूर न जाता एकाखाली एक घुसतो, आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये तिथे झालेल्या मोठ्या भूकंपाच्या त्सुनामी लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या.