मूळ गायक गेला की बँड सुधारतो का घसरतो?

गेलेला गायक किती मोठा होता यावरून उत्तर काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही. एसी/डीसीचा बॉन स्कॉट मोठाच होता आणि डोअर्सचा जिम मॉरिसनही. स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला. एसी/डीसीने जुलैत ‘बॅक इन ब्लॅक’ काढला आणि तो जगातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांमध्ये जाऊन बसला. मॉरिसन १९७१ मध्ये वारला. डोअर्सच्या उरलेल्या तिघांनी आणखी दोन अल्बम केले, ते फारसे कुणाला आठवतही नाहीत, आणि १९७३ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला.

मी आधी एवढंच बघतो की गाणी कोण रचत होतं. एसी/डीसीचे रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे) अँगस आणि माल्कम या यंग बंधूंचे, आणि ते दोघे जागेवरच होते. शब्द स्कॉटचे असायचे, हे खरं. पण त्यांचं गाणं लागलंय हे गायकाने तोंड उघडायच्या आधीच कळतं. नवा गायक ब्रायन जॉन्सन त्या तयार पायावर येऊन उभा राहिला. डोअर्सपाशी मात्र ही कसोटी जरा लंगडते. ‘लाइट माय फायर’ मुख्यतः गिटारवादक रॉबी क्रीगरचं आहे, म्हणजे रचणारा माणूस गेलेला नव्हता. पण मॉरिसनची कविता आणि रंगमंचावरचा त्याचा वावर यांभोवतीच लोकांनी तो बँड ऐकला होता. कीबोर्डवादक मांझारेक आणि क्रीगर स्वतः गायला लागले तेव्हा गाणी बरी होती, पण ऐकणाऱ्याला त्यात डोअर्स सापडेनात.

दुसरी गोष्ट मला पहिलीहून जास्त महत्त्वाची वाटते: नवा गळा आल्यावर बँडने चाली बदलल्या का? याचं सर्वांत चांगलं उदाहरण ब्लॅक सॅबथ. त्यांच्या गायकाला, ऑझी ऑसबोर्नला, १९७९ मध्ये काढलं तेव्हा बँडची तब्येत आधीच बिघडलेली होती. त्याआधीचा ‘नेव्हर से डाय!’ हा अल्बम ऐकून बघा, दमलेली माणसं वाजवताहेत हे लपत नाही. मग रॉनी जेम्स डिओ आला. ऑझी बरेचदा गिटारवादक टोनी आयोमीच्या रिफच्या मागोमाग जायचा. ‘आयर्न मॅन’मध्ये गिटार जे वाजवते तेच तो गातो, आणि त्या गाण्याची भीती त्यातच आहे. डिओला तसं गाऊन चाललं नसतं. त्याचा गळा फिरणारा, लांब ताना घेणारा. आयोमीने रिफमध्ये मोकळी जागा सोडली आणि डिओने त्या जागेत स्वतःची वेगळी चाल बांधली. आधी बहुतेक शब्द बासवादक गीझर बटलर लिहायचा, तेही काम डिओने घेतलं. ‘हेवन अँड हेल’ (१९८०) ऐकताना आपण जुन्या सॅबथच्या जागी कोणी बदली माणूस ऐकतोय असं एकदाही वाटत नाही. माझ्या मते तो ऑझीला काढण्याआधीच्या शेवटच्या दोन अल्बमांपेक्षा कितीतरी सरस आहे. पहिल्या चारांपेक्षा सरस म्हणाल तर मी भांडेन. आणि गंमत म्हणजे बाहेर काढलेल्या ऑझीनेही त्याच वर्षी रँडी ऱ्होड्स नावाचा तरुण गिटारवादक घेऊन ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ केला. एका भांडणातून दोन चांगले अल्बम निघाले.

याची उलट बाजू आयर्न मेडनमध्ये दिसते. गायक पॉल डिआनो दोन अल्बमांनंतर बाहेर पडला, ब्रूस डिकिन्सन आला आणि १९८२ चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. बासवादक स्टीव्ह हॅरिसच्या लांबलचक, चढत जाणाऱ्या रचनांना असाच उंच गळा हवा होता. पुढे १९९३ मध्ये डिकिन्सन बाहेर पडला आणि ब्लेझ बेली आला. बिचारा. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, जाड; आणि रोज रात्री त्याला डिकिन्सनच्या पट्टीतली गाणी गायची होती. लोक म्हणाले ब्लेझ वाईट गायक. मला ते कधीच पटलं नाही. ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ ही त्याच्याच काळातली गाणी, आणि १९९९ मध्ये परतल्यावर डिकिन्सनने ती आनंदाने गायली, लोकांनीही डोक्यावर घेतली. चूक माणसाच्या निवडीत होती, त्याच्या गाण्यात नव्हे.

हुबेहूब आवाज मिळाला की प्रश्न सुटला असंही समजू नका. जुडास प्रीस्टने गायक रॉब हॅल्फर्डच्या जागी टिम ओवेन्सला घेतलं. तो आधी प्रीस्टचीच गाणी करणाऱ्या एका बँडमध्ये गायचा. जुनी गाणी तो अंगावर काटा येईल अशी गायचा. तरी त्याच्यासोबतचे दोन अल्बम काही जमले नाहीत आणि २००३ मध्ये हॅल्फर्ड परत आला. जर्नीने मात्र २००७ मध्ये फिलिपिन्सच्या आर्नेल पिनेडाला यूट्यूबवर शोधून काढलं, आणि त्यांच्या जुन्या गायकाची, स्टीव्ह पेरीची, आठवण करून देणारा तो गळा आजही त्यांचे कार्यक्रम भरवतोय. फरक एवढाच की जर्नीच्या श्रोत्यांना जुनी गाणी हवी असतात. क्वीन आणि त्यांच्यासोबत आता गाणाऱ्या अ‍ॅडम लॅम्बर्टचंही तसंच: कार्यक्रम दणक्यात होतात, पण त्याच्यासोबत नवा स्टुडिओ अल्बम त्यांनी केलेला नाही, म्हणून तिथे सुधारला की घसरला हा प्रश्नच उद्भवत नाही.

काही बँडना बाहेर शोधावंच लागलं नाही. गायक पीटर गेब्रियल १९७५ मध्ये बँड सोडून गेल्यावर जेनेसिसने कित्येकांच्या चाचण्या घेतल्या आणि शेवटी ड्रमवरचा फिल कॉलिन्सच गायला लागला. पुढे तोही बाहेर पडला, तेव्हा आणलेल्या रे विल्सनसोबत १९९७ चा एकच अल्बम झाला. जॉय डिव्हिजनने गायक इयन कर्टिसच्या मृत्यूनंतर नावच बदललं, न्यू ऑर्डर झाले, आणि ‘ब्लू मंडे’ (१९८३) हे असं गाणं केलं जे कर्टिस असताना सुचलंही नसतं. नाव बदलण्याचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. आपल्याकडे इंडियन ओशनचा असीम चक्रवर्ती २००९ मध्ये वारला, तेव्हा तबला आणि गळा या दोन गोष्टींसाठी दोन माणसं घ्यावी लागली. बँड टिकला, पण एकच माणूस ताल धरत गातोय याची जी घट्ट वीण होती, ती मला नंतर ऐकू आलेली नाही.

आणि ‘मूळ गायक’ म्हणजे कोण, हेही तपासा. बॉन स्कॉटच्या आधी एसी/डीसीत डेव्ह इव्हान्स गायचा. डिआनोच्या आधी मेडनमध्ये दोघे होऊन गेले होते. लिंकिन पार्कची सुरुवात त्यांचा प्रसिद्ध गायक चेस्टर बेनिंग्टन याच्याशिवाय झाली होती. आपण ज्याला मूळ म्हणतो तो बहुतेकदा आपल्याला पहिल्यांदा भेटलेला गायक असतो, आणि भांडणं बरीचशी यावरूनच होतात. व्हॅन हेलनचे नंतरच्या गायकासोबतचे, सॅमी हेगरसोबतचे, चारही स्टुडिओ अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. आधीच्या डेव्हिड ली रॉथच्या एकाही अल्बमला ते जमलं नव्हतं. तरी रॉथवाल्यांना विचारा, ते म्हणतील खरा बँड १९८५ लाच, रॉथ गेला तेव्हा, संपला. मीही त्यांच्यातलाच, पण हेगरच्या काळात गिटारवादक एडी व्हॅन हेलन वाईट वाजवत होता असं मी म्हणू शकत नाही.

तुमच्या मनात लिंकिन पार्क असेल (सध्या हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात तेच असतं), तर त्यांची नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग चेस्टरची गाणी कशी गाते याच्या चित्रफिती बघून मत बनवू नका. २०२४ चा ‘फ्रॉम झीरो’ अल्बम सबंध ऐका. त्यात बँडमधल्या माइक शिनोडाने तिच्या गळ्यासाठी काय रचलंय ते बघायचं. मला तो अर्धा आवडला. उरलेल्या अर्ध्यात मला अजून चेस्टरसाठी सोडलेली जागा ऐकू येते.