वर्षभर फिरायचंय? मग आधी वाचायला बस
अरे, तिकिटं नंतर बघ. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, प्रवासवर्णनांच्या कपाटापाशी दोन-चार शनिवार घालव, आपलं मन कुठे रमेल ते तिथेच कळतं. व्हिसाचे नियम मात्र त्या त्या दूतावासाच्या साईटवरच वाच, व्हिडिओवर विसंबू नकोस. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या गटात, कुठल्याही १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, मला हे उशिरा कळलं आणि अख्खा रूट परत मांडावा लागला, तेव्हापासून वहीत प्रत्येक देशाला एक पान आणि दिवस पेन्सिलने. आफ्रिका, दक्षिण अमेरिका करणार असशील तर यलो फीव्हरची लस वेळेत घे, सर्टिफिकेट १० दिवसांनी लागू होतं. आणि पासपोर्ट ६० पानांचाच काढ बाबा, पानं भराभर संपतात.