तैलरंगात जलाशयावरचं धुकं खडू फासल्यासारखं दिसतं, काय करू?

तुम्ही लिहिलंय की भंडारदऱ्याचा जलाशय रंगवताय, डोंगर-झाडं सगळं छान झालं आणि शेवटी वरून पांढरा फिरवला तर खडू फासल्यासारखं झालं. होणारच ना ते, धुकं ही शेवटी वरून टाकायची गोष्टच नाहीये, पहिल्यापासून प्रत्येक रंगात ते मिसळलेलं असायला लागतं.

मी सुरुवातीलाच पॅलेटवर करड्या रंगाचा एक मोठा गोळा करून ठेवतो. टायटॅनियम व्हाइट, थोडा अल्ट्रामरीन निळा आणि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग), ती विसरू नका, नुसत्या निळ्या-पांढऱ्याने चित्र पिठूळ होतं. मग लांबच्या डोंगरात जवळजवळ हाच रंग, मधल्या झाडांत निम्मा आणि जवळच्या दगडात, होडीत अगदी नावापुरता. काळी ट्यूब उघडूच नका.

दुसरं, पाण्यावरचं धुकं खाली बसलेलं असतं, म्हणजे झाडाचा शेंडा दिसतो आणि बुंधा गायब. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, शेंडे पुसट आणि काठाची रेघ मात्र ठसठशीत. ती रेघच मोडायची. रंग ओला असतानाच कोरडा मऊ ब्रश घ्या, हात एकदम हलका ठेवून बुंध्याकडून पाण्यात आडवा फिरवा आणि दर एक-दोन फटकाऱ्यांनी फडक्याला पुसा, नाहीतर रंग मळतो. पण सगळीकडे पुसत सुटू नका हां, होडीची एखादी कड धारदार राहू द्या, तिच्यामुळेच बाकीचं धूसर वाटतं. प्रतिबिंबात गडद वस्तू जराशी फिकी आणि फिकी जराशी गडद, बस.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची १८९६-९७ मधली सीन नदीवरच्या सकाळींची चित्रं नेटवर बघा आणि फोनवर ब्लॅक-अँड-व्हाइट करा. झाडं, पाणी, आकाश किती जवळजवळच्या छटांत आहेत ते लगेच कळतं, आपण उगाच कॉन्ट्रास्ट वाढवत बसतो.

आत्ताचा कॅनव्हास टाकून देऊ नका. नीट वाळू द्या (पावसाळ्यात जास्तच वेळ लागतो), मग तोच करडा जवळजवळ कोरड्या ब्रशने अगदी विरळ घासा. गडद डोंगरावर असा फिका थर निळसर दिसतो, त्यामुळे तिथे सिएना थोडी वाढवा. आणि या थरात नुसतं टर्पेंटाइन नको, थोडं जवसाचं तेल असू द्या, खालच्यापेक्षा वरचा थर तेलकट नसेल तर पुढे तडे जातात.