डबलसीटला गाडी मागून आदळते. शॉकअप कितव्या खाचेवर ठेवावा? आणि हे शोरूमवाल्यांनी सांगायला नको का?

सांगायलाच हवं, आणि तेही चावी हातात द्यायच्या आधी.

माझी १२५ सीसी, मागे दोन शॉकअप. घेऊन तीन आठवडे झाले होते. आईला मागे बसवून साताऱ्याहून पुसेगावला निघालो, सेवागिरी महाराजांच्या यात्रेला. माझं वजन ८२ किलो, आईचं ६५, मध्ये पिशवी. कोरेगावच्या अलीकडे पांढरे पट्टे नसलेला एक गतिरोधक आला आणि मागून असा दणका बसला की आईने कळवळून माझा खांदाच आवळला. वेग तिशीच्या आत होता, हे मी आजही देवासमोर सांगेन. रसवंतीच्या बाकड्यावर ती अर्धा तास पडून होती. यात्रा राहिली, आणि पुढे दीड महिना कमरेला पट्टा.

घरी अण्णांनी एकच धरलं, "तू गाडी दामटतोस."

शोरूममध्ये गेलो तर म्हणाले, नवीन गाडी आहे, दोन सर्व्हिसिंग झाल्या की स्प्रिंग मऊ पडेल. मी विश्वास ठेवला. पाच महिने आई गाडीवर बसली नाही. मग एकदा पंक्चर काढायला थांबलो, तर त्या पोराने चाक फिरवता फिरवता विचारलं, "डबलसीट फिरवता आणि शॉकअप पहिल्या खाचेवर?" सीटखालच्या टूलकिटमधून त्याने कोयतीसारखा वाकडा पाना काढला. तो अजून प्लॅस्टिकमध्येच होता. स्प्रिंगची खाचांची कडी त्या पान्याने फिरवून दोन्ही बाजू चौथ्या खाचेवर केल्या, जेमतेम पाच मिनिटं लागली.

शोरूममध्ये हार घालायला, पेढे द्यायला, फोटो काढायला, कोटिंग आणि जादा वॉरंटी गळ्यात मारायला तासभर असतो. "मागे कोण बसणार, वजन किती?" एवढं विचारायला मात्र वेळ नसतो. माझं स्पष्ट मत आहे की डिलिव्हरीच्या वेळी पाना मालकाच्या हातात देऊन त्याच्याकडूनच एक खाच फिरवून घ्यावी. जो सेल्समन हे करत नाही, त्याला स्वतःलाच ते येत नसतं.

आता तुमचं. पाच खाचा असतील तर एकट्याला पहिली किंवा दुसरी, डबलसीटला चौथी, सामान भरून लांब जायचं असेल तर पाचवी. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात. खाच वाढवली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असं बरेच मेकॅनिकही सांगतात, ते चूक आहे. स्प्रिंग तीच राहते. ती आधीच थोडी दाबून ठेवल्यामुळे माणसं बसल्यावर गाडी कमी खचते आणि खड्ड्यात खाली जायला जागा उरते. ही जागा संपली की शॉकअप तळाला टेकतो. तुम्हाला बसतो तो दणका हाच. मागच्या टायरची हवाही डबलसीटला वाढवायची असते. आकडा चेनकव्हरवर किंवा चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो, तोच धरा.

एक राहिलंच. एकटे चालवताना पाचवीवरच ठेवलीत तर मागचं चाक खड्ड्यांवर उड्या मारेल आणि तुमचीच कंबर धरेल, म्हणून परत खाली आणा. डबलसीटला मागून गाडी खचलेली असेल तर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, खाच बदलल्यावर तोही एकदा बघून घ्या. मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप असेल तर खाचा वेगळ्या असतात, काहींना बदलच नसतो, पुस्तिका बघा. आणि शॉकअपमधून तेल गळत असेल तर खाच बदलून काही होणार नाही.

अण्णांना मी चौथ्या खाचेवर त्याच गतिरोधकावरून नेलं. आदळली नाही. उतरल्यावर म्हणाले, "आज हळू चालवलीस." पहिल्या खाचेवर दोघं बसले की मागून गाडी किती खचते आणि चौथ्यावर किती, हे उभ्या गाडीवर मोजता येतं. या दिवाळीत गावी गेलो की भाऊ आणि मी गाडीवर बसणार आहोत, आणि टेप अण्णांच्या हातात देणार आहे.