प्रोटीन स्किमरच्या हवेच्या नळीत सारखं मीठ धरतं, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सव्वाशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण वर काढणारं यंत्र, वर्षभराचा, दर आठ-दहा दिवसांनी फेस बसतो. हवेची नळी काढली की आत पांढरा गड्डा. टोचून काढला की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. नवा स्किमर घ्यावा का?

घेऊ नका. नव्यातही हेच होणार. सात वर्षांत माझ्याकडे तीन स्किमर झाले, तिघांनीही मीठ धरलं. टोचायचं सोडून ती जागा ओली ठेवायला लागलो, तेव्हा कुठे सुटका झाली.

स्किमरचा पंप फिरताना त्याच्या तोंडाशी पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि नळीतून हवा आपोआप ओढली जाते. तिचे बारीक बुडबुडे होतात, त्यांना मासळीची घाण चिकटून वर कपात येते, हे तुम्हाला माहीत असेलच. भानगड आहे ती हवा पाण्याला भेटते त्या चिमुकल्या तोंडाशी. समोरून खारे तुषार उडतायत, मागून कोरडी हवा वाहतेय, चोवीस तास. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळून जातं, क्षार तिथेच बसतात. आणि एकदा पहिला थर बसला की तो दिव्याच्या वातीसारखा ओल ओढून घेतो आणि स्वतःच पुढे सरकतो. म्हणून नळीत बोटभर आतपर्यंत मीठ सापडतं, जिथे पाणी कधी पोचलेलंच नसतं.

माझं आजोळ उरणकडचं, त्यामुळे मला हे पाहिलं की मिठागरच आठवतं. तिथे ऊन आणि वारा, इथे ओढली जाणारी हवा, बाकी कारखाना तोच. आगरात खाडीचं पाणी आटताना सगळे क्षार एकदम पडत नाहीत. आधी चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, आणि पाणी आटून साधारण एक दशांश उरलं की आपलं खायचं मीठ. तुमच्या नळीतही हाच क्रम. म्हणून नुसत्या पाण्याने धुतलं की मीठ विरघळून जातं, पण एक खरखरीत पांढुरका पापुद्रा राहतो. नखाने निघत नाही. तो चुना. त्या खरखरीत जागेवर पुढचं मीठ आणखी लवकर पकडतं. तुमचं ‘चार दिवस बरं, पुन्हा तेच’ बहुतेक यातच आहे.

आणखी एक बघा. पावसाळ्यात हा त्रास कमी होतो का? माझ्याकडे जुलैत जवळजवळ थांबतो. स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं ना, तेच कारण. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ घट्ट राहूच शकत नाही, पाझरायला लागतं. उलट टाकी एसीच्या खोलीत असेल तर बारा महिने डिसेंबर. म्हणजे पावसाळा नळीत आणायचा, एवढंच काम आहे.

त्यासाठी रुंद तोंडाची बाटली घ्या, मी लोणच्याची प्लास्टिकची बरणी घेतली. झाकणाला दोन भोकं पाडा. एकातून स्किमरला जाणारी नळी, तिचं टोक झाकणाच्या जरा खाली, पाण्यापासून लांब. दुसऱ्यातून बाहेरची हवा आत येणारी नळी, तिचं टोक पाण्यात जेमतेम एक सेंटीमीटर बुडवा. बरणीत अर्ध्यापर्यंत आरओचं पाणी. आता हवा बुडबुडत, ओली होऊन स्किमरकडे जाते. हौसेने ते टोक खोल बुडवू नका. जितकं खोल, तितकी पंपाला हवा ओढायला जड, आणि मीठ नसूनही फेस बसेल. मी पहिल्यांदा दहा सेंटीमीटर बुडवलं होतं आणि दोन दिवस पंपाला शिव्या घालत बसलो. बरणी संपमधल्या, म्हणजे स्किमर बसवलेल्या खालच्या टाकीतल्या, पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. खाली ठेवली आणि वीज गेली तर संपचं पाणी नळीतून उलटं बरणीत, मग फरशीवर. पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर डासांची सोय होते.

दुसरं, आठवड्यातून एकदा धुणं. सुई नसलेली 20 मिलीची सिरिंज, कोमट आरओचं पाणी, पंप चालू. कप रिकामा करून ठेवा. हवेच्या नळीच्या मोकळ्या टोकात सिरिंजने पाणी सोडलं की पंप ते स्वतःच गटागटा पितो. पहिल्या घोटाला कर्रर्र असा आवाज येतो, फेस कोसळतो, पाणी ढवळून निघतं, आणि मिनिटाभरात बुडबुडे पूर्वीपेक्षा दाट येतात. दोन-तीन सिरिंजा पुरे. एवढ्या गोड्या पाण्याने सव्वाशे लिटरच्या खारेपणाला काही होत नाही, वाफेने उडालेलं पाणी तुम्ही रोज भरताच. टँकरचं किंवा बोअरचं पाणी मात्र वापरू नका, त्यातच चुना असतो. उकळतं पाणीही नको. मी घाईत चहाच्या पातेल्यातलं ओतलं आणि नळी जोडायचं टोक वाकडं करून बसलो.

ज्यांना आठवणच राहत नाही ते डोसिंग पंप, म्हणजे ठरल्या वेळी मोजकं पाणी सोडणारा छोटा पंप, लावतात. टी-जोड घालून दर चार-सहा तासांनी पाच मिली आरओ पाणी थेट हवेच्या नळीत. सुंदर चालतं, पण धोका आहे. नळीत ओढ असते, डोसिंग पंपाची आतली रबरी नळी झिजली तर स्किमर मागचं सगळं पाणी खेचून घेईल. म्हणून तिथे 20 लिटरचा कॅन जोडू नका, लिटरभराची बाटली ठेवा.

आता तो जुना पापुद्रा. हा टाकीत निघणार नाही. पंप सोडवा, बादलीत निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी, त्यात अर्धा-पाऊण तास चालवा. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्व, लिटरला दोन चमचे. बारीक बुडबुडे येताना दिसले की चुना विरघळतोय. मग जुन्या टूथब्रशने घासून साध्या पाण्यात चालवून धुवा. तीन-चार महिन्यांतून एकदा पुरतं. नंतर एक-दोन दिवस फेस नीट धरत नाही, घाबरून सेटिंग फिरवू नका.

टोचण्यासाठी पिन, खिळा, विशेषतः वायरीतली तांब्याची तार वापरत असाल तर आजच थांबवा. प्लास्टिकवर ओरखडे पडतात, मीठ तिथेच आधी बसतं, आणि तांबं कोळंब्यांना आणि प्रवाळांना विष आहे. लाकडी टूथपिक चालेल.

तुमच्याकडे वीज वारंवार जाते का? पंप बंद पडला की संपचं खारं पाणी हवेच्या नळीत पातळीइतकं चढतं आणि पंप सुरू झाल्यावर भिंतीला लागलेली ओल वाळून मिठाची एक कडी राहते. तसं असेल तर धुणं आठवड्याला दोनदा करा. आणि विजेचा बोर्ड टाकीखाली असेल तर वायर बोर्डापेक्षा खाली लोंबू देऊन मग वर घ्या. मीठ वायरीवरूनही चालत येतं.

नळीचं दुसरं टोक कुठे सोडलंय ते तुम्ही लिहिलं नाहीत. संपच्या आत, पाणी जिथे उडतं तिथे असेल, तर बरणीच्या आधी ते बाहेर काढा. फोटो टाकलात तर नीट सांगता येईल.