मांद्र्याच्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांनी कुठे जेवावं, काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीचं लग्न उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, मांद्र्याला आहे, पुण्याहून 40-45 पाहुणे 3 दिवसांसाठी येणार आहेत, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे, काही शुद्ध शाकाहारी. तर त्यांनी कुठे खावं आणि कुठे फिरावं. मी पेडणे तालुक्यातच राहतो. आमच्याकडच्या लग्नांत बाहेरगावच्या मंडळींना फिरवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी नद्या लक्षात घ्या. पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा. तुमचं लग्न या दोघींच्या मधल्या पट्ट्यात आहे. नकाशावर कळंगुट-बागा अगदी हाताशी दिसतं, पण शापोऱ्यावरचा शिवोलीचा पूल ओलांडला की पुढचे रस्ते अरुंद आहेत आणि डिसेंबरच्या संध्याकाळी तिथे गाड्यांची रांग हलत नाही. मोठी बस करून सगळ्यांना बाग्याला न्यायचा बेत केलात तर मेंदीला निम्मी माणसं उशिरा पोचतील आणि वडीलधारे दमून जातील. माझं स्पष्ट मत आहे की लग्नाच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी कुणालाही नदी ओलांडायला लावू नका. तिसरा दिवस मोकळा असेल, तेव्हा ज्याला उत्तरेला जायचंय त्याने उत्तरेला जावं, ज्याला पणजीला जायचंय त्याने पणजीला.

तिकिटं काढताना विमानतळ तपासायला सांगा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. जानेवारी 2023 पासून सुरू झालेला मोपाचा मनोहर विमानतळ आमच्याच तालुक्यात आहे. दाबोळी पार दक्षिणेला, वास्कोजवळ. तिकिटावर मोपाची खूण जीओएक्स अशी असते, दाबोळीची जीओआय. रेल्वेने येणाऱ्यांना पेडणे किंवा थिवी.

आता जेवण. गोव्यातलं खरं जेवण दुपारचं. ताजा मासा सकाळी येतो, दुपारी साडेबारा ते अडीचच्या मध्ये गावातल्या खाणावळीत तो ताटात असतो, आणि तीननंतर त्यातलं फारसं काही उरत नाही. म्हणून मोकळ्या दिवसाची दुपार हॉटेलच्या बुफेत घालवू नका. साध्या थाळीत उकड्या तांदळाचा भात, खोबऱ्याचं हुमण म्हणजे माशाचं कालवण, रव्यात तळलेला मासा, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, सुक्या सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं किसमूर (कोशिंबीर) आणि सोलकढी असते. सोलकढी शेवटी वाटीत उरलेल्या भातावर घ्यायची, नुसती प्यायली तरी चालते. बसल्याबसल्या "आज मासा कुठला?" एवढं विचारा आणि जो सांगतील तो घ्या. पुण्या-मुंबईची माणसं येतात ती सुरमईच मागतात, आमच्याकडे तिला इसवण म्हणतात. पण डिसेंबरात बांगडा उत्तम असतो, आणि बांगड्याची उडदामेथी (उडीद-मेथीचं कालवण), आंबाडे घालून केलेली, मिळाली तर इसवणीच्या तुकड्याकडे बघूही नका. तिरफळं घातलेलं तारल्यांचं हुमणही तसंच. तिरफळ मात्र चावायचं नाही, बाजूला काढायचं, हे लहान मुलांना आधी सांगा.

किनाऱ्यावरच्या शॅकची नावं मी देत नाही. शॅक दर हंगामात नव्याने उभे राहतात, चालवणारा आणि आचारी बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचं माझं मत यंदा तुमच्या कामाचं नाही. मांद्रे, जुनसवाडा, हरमल, पार्से या भागात रस्त्याकडेला टॅक्सीवाले आणि दुकानदार जिथे दुपारी जेवतात ती जागा शोधा. एक अडचण मात्र येईल. अशा खाणावळीत 20 माणसं एकदम बसत नाहीत. आठ-आठ, दहा-दहाचे गट करा, सकाळी जाऊन किंवा फोन करून संख्या सांगा, म्हणजे भात आणि मासा तेवढा ठेवतात. न सांगता 40 जण गेलात तर कुणालाच धड जेवायला मिळणार नाही.

शाकाहारी मंडळींची काळजी करू नका. गोव्याच्या हिंदू घरांत सोमवारी आणि सणावारी शिवराक, म्हणजे बिनमाशांचंच शिजतं, आणि ते फार चांगलं असतं. तुमच्या केटररला आतापासूनच सांगा की एका जेवणात पनीरऐवजी खतखतं (मिसळ भाज्यांचं कालवण), अळसांद्यांचं तोंडाक (चवळीची उसळ), मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची उसळ) आणि शेवटी चण्याच्या डाळीचं मणगणं (खीर) करा. पुण्याच्या पाहुण्यांना ही चव घरी परत मिळणार नाही, आणि इथल्या आचाऱ्यांना ती उत्तर हिंदुस्थानी पदार्थांपेक्षा कितीतरी चांगली जमते. बाहेर खायचं असेल तर सकाळची भाजी-पाव. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून, सोबत मिरचीचं भजं आणि गोड बन. भल्या पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत पोदेर म्हणजे पाववाला येतो, त्याच्याकडची गरम कोंड्याची पोळी आणि कडक उंडे घ्या. ज्येष्ठ मंडळी लवकर उठतातच, त्यांना हे नक्की आवडेल.

संध्याकाळी गाड्यांवर रोस ऑम्लेट, म्हणजे रश्शातलं ऑम्लेट मिळतं. तरुणांना ते हवंच असतं. पण हा रोस बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या शाकुतीचा (मसालेदार रश्शाचा) असतो. जे फक्त अंडं खातात त्यांना आधी सांगा, नाहीतर नंतर वाईट वाटतं.

पाहण्यासारखं, दोन नद्यांच्या आतलं. मांद्रे आणि आश्वेचा किनारा सपाट, शांत आहे, आज्या-आजोबांना सकाळी चालायला याहून चांगली जागा नाही. पोहताना मात्र किनाऱ्यावरच्या ‘दृष्टी’ संस्थेच्या जीवरक्षकांचे झेंडे पाळा, लाल झेंडा असेल तिथे पाणी शांत दिसलं तरी उतरायचं नाही. मोरजीच्या दक्षिण टोकाला, शापोऱ्याच्या मुखाशी, हिवाळ्यात सीगल पक्ष्यांचे थवे उतरतात. तेंबवाड्याचा भाग ऑलिव्ह रिडले कासवांसाठी राखलेला आहे. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या रात्री अंडी घालायला येतात. मांद्र्याचा किनाराही कासवांचाच, तेव्हा संगीताचा कार्यक्रम वाळूवर करायचा बेत असेल तर तो सोडून द्या. प्रखर दिव्यांनी कासवं आल्या पावली परत जातात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला तशीही बंदी आहे.

हरमलच्या किनाऱ्यावर उत्तरेकडे दगडी वाटेने गेलं की समुद्राला लागून गोड्या पाण्याचं तळं आहे. वाट चढ-उताराची आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी टाळावी. आणि तरुणांना एक कळकळीचं सांगणं: केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करू नका. जानेवारी 2025 मध्ये तिथे झालेल्या अपघातात पुण्याहून आलेल्या एका तरुणीचा आणि चालकाचा जीव गेला. लग्नघरात असली जोखीम कुणी घेऊ नये.

मोकळ्या दिवशी मी पाहुण्यांना उत्तरेला नेतो. केरीहून फेरीबोटीत बसायचं आणि तेरेखोल ओलांडायची. पलीकडे नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्यात मोडणारा तेरेखोलचा किल्ला आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला, 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला. आत छोटं चर्च आहे. 15 ऑगस्ट 1954 रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता. तटावर उभं राहून केरीची वाळू आणि नदीचं मुख पाहताना हे मुलांना जरूर सांगा. ओहोटीला पाणी फार उतरलं की फेरी थांबते, म्हणून भरतीची वेळ पाहून निघा किंवा किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्यावरून रस्त्याने या. चालकाला "पेडण्याचं केरी" असं नीट सांगा, सत्तरी आणि फोंड्यातही केरी आहेत. किल्ल्यापासून रेडीचा गणपती जवळच. 1976 मध्ये खाणीच्या जागेत सापडलेली ही मोठी द्विभुज मूर्ती आहे. पुढे शिरोडा, जिथे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. रेडी आणि आरोंदा महाराष्ट्रात आहेत, तेव्हा गाडीत दारूची बाटली नको. परवान्याशिवाय नेणं गुन्हा आहे.

दक्षिणेला गेलात तर म्हापशाचा बाजार शुक्रवारी पाहा. आमसुलं, मयड्याची केळी, खाजे, तिरफळं सगळं तिथे एकाच ठिकाणी मिळतं, आणि पाहुण्यांना द्यायच्या पिशवीसाठी दुकानातल्या चॉकलेटपेक्षा हे चांगलं. आसगावात विनायक या उपाहारगृहाची माशांची थाळी प्रसिद्ध आहे, दुपारी गर्दी असते. पणजीत कॅफे टाटोमध्ये भाजी-पाव, दुपारी रिट्झ क्लासिक उपाहारगृहात मासे, मध्ये फोंतेनीस या जुन्या पोर्तुगीज वस्तीच्या गल्ल्यांत एक फेरी. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू बॅसिलिका पणजीहून अर्ध्या तासावर आहे.

घरात कुणाचं कुलदैवत मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा किंवा रामनाथी असेल तर नवरा-नवरीसह तिकडे जाण्याचा आग्रह होईलच. ही देवळं फोंडा तालुक्यात आहेत, मांद्र्याहून जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. परतीच्या वाटेवर ठेवा आणि अंगभर कपडे घालून जा.

एक गोष्ट कुठल्याही पर्यटन यादीत सापडणार नाही. डिसेंबरात आमच्या देवळांत जत्रा आणि दहीकाले असतात आणि रात्री उशिरा दशावतारी नाटक सुरू होतं. भाषा मराठी, प्रवेश सगळ्यांना खुला. पेटी आणि मृदंगाच्या साथीवर, रंगवलेल्या चेहऱ्यांनी नट आयत्या वेळी संवाद रचत जातात आणि ते पहाटेपर्यंत चालतं. मांद्रे, पार्से, मोरजी किंवा पेडण्याच्या देवळात त्या आठवड्यात काय आहे ते हॉटेलातल्या स्थानिक मुलांना विचारा. ज्येष्ठांना तासभर जरी बसवलंत तरी खूश होतील. जत्रेत गरम खाजेही मिळतात.

ओला-उबर इथे चालत नाही. गोवामाइल्स या ॲपवर गाडी मिळते, पण रात्री गावात भरवसा नाही. 3 दिवसांसाठी दोन-तीन छोट्या गाड्या चालकासह ठरवून ठेवा. भाड्याची स्कूटर घेणाऱ्यांनी काळ्या-पिवळ्या पाटीचीच घ्यावी, पांढऱ्या पाटीची भाड्याने घेतली तर पोलीस अडवतात. लग्नाची नेमकी तारीख आणि मंडप कुठल्या वाड्यावर आहे ते लिहिलंत तर त्या दिवसांतल्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि जवळचा दहीकाला पाहून कळवतो.